बोलत राहा, काका

म्हात्रे सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उलट्या चालत होत्या. नेरूळच्या ज्या हॉस्पिटलात ह्यांची बायपास झाली, तिथं तळमजल्यावर कँटीनच्या मागं एक लांब पॅसेज होता. त्या पॅसेजमधून एक ठेंगणी, सावळी बाई, पांढऱ्या युनिफॉर्मखाली भडक निळे बूट घातलेली, पाठ आमच्याकडे करून झपझप मागं मागं येत होती. तिच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ चालत होते आणि तिला पडवळाची भाजी कशी करतात ते सांगत होते. लहानपणी उलट्या पावलांच्या बाईच्या गोष्टी ऐकून आम्ही गोधडीत तोंड खुपसायचो, त्याची मला भर दुपारी आठवण झाली.

आमच्या व्हीलचेअरपासून हातभर अंतरावर बाई थांबली. मान न वळवता तिनं विचारलं, "कोन आलंय मागं?"

"नवीन पेशंट," मी म्हटलं.

"पेशंट वरच्या मजल्यावर असतात. इथं आले की काका." मग वळून तिनं ह्यांच्याकडे नीट बघितलं. "काका, मी म्हात्रे सिस्टर. तुमच्याहून फार लहान नाय, पन काकाच म्हननार. चालंल ना?"

हे कसंनुसं हसले. ऑपरेशननंतरचं ते पहिलं हसू होतं, म्हणून मला ते अजून आठवतं.

ऑपरेशन उत्तम झालंय असं वरचे सगळे डॉक्टर सांगत होते. हृदयाचं काम झालं होतं, पण ह्यांनी स्वतः काम बंद ठेवलं होतं. छातीचं हाड तारेनं शिवलंय हे कळल्यापासून ते कुशीवर वळेनात. शिंक आली तर आधी माझा हात घट्ट धरत. पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी "चालेल ना?" असं विचारत, आणि मीही काही कमी नव्हते, मी तो तांब्या उचलून तोंडाला लावत असे. डॉक्टरांनी रिहॅबला जा म्हणून लिहून दिलं, म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाला देखरेखीखाली पुन्हा हिंडतं-फिरतं करतात तिथं. मला वाटलं होतं, चार व्यायाम शिकवतील आणि सोडतील.

व्यायाम शिकवायला तिथं एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होतीच, डॉक्टरही येऊन जात. पण खोली चालायची ती म्हात्रे सिस्टरांवर. पहिल्या दिवशी त्या ब्लडप्रेशर घ्यायच्या आधी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत, "बरं होऊन करायचं काय?" आणि उत्तर मिळेपर्यंत हाताला पट्टा गुंडाळत नसत. "आता काय करायचंय, देवाचं नाव घ्यायचं," असं कोणी म्हणालं की म्हणत, "ते झोपूनपन घेता येतं. त्याला माझी काय गरज?" मग माणूस जरा वेळानं, लाजत लाजत, खरं सांगे. एका काकांना स्वतः मार्केटात जाऊन पापलेट निवडायचं होतं. एका काकूंना भाचीच्या हळदीत नाचायचं होतं.

ह्यांनी सांगितलं, "मला गणपती आणायचाय."

हेच ह्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनांनाही विचारलं होतं. सर्जन म्हणाले, आणा की, सजावटही करा. भला माणूस होता, पण कोकणातला नव्हता. आमचं गाव कणकवलीकडचं. घर टेकाडावर, आणि रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची लांब चढण. खाली रस्त्याला लागून गणपतीची शाळा, जिथं मूर्ती रंगवतात. तिथून घरच्या कर्त्यानं मूर्ती पाटावर ठेवायची, पाट डोक्यावर घ्यायचा आणि वाजतगाजत वर आणायचा. मामंजी गेल्यापासून हा मान ह्यांचा. बाकी वर्षभर हे एका कंपनीचं स्टोअर सांभाळणारे साधे गृहस्थ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी तोंड उघडलं नाही. पण भाद्रपदातल्या त्या एका सकाळी डोक्यावर पाट घेऊन हे पाखाडी चढायला लागले की मला दर वर्षी नवरा नव्यानं दिसायचा. ते गेलं तर ह्यांच्यातलं बरंच काही जाणार होतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, आणि आम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

सिस्टरांनी मात्र लगेच चौकशी सुरू केली. मूर्ती शाडूची का? पायऱ्या सारख्या उंचीच्या हायत का कशा? बाजूला धरायला काय? हे उत्साहानं सांगायला लागले, की एका बाजूला दगडी गडगा, म्हणजे कमरेइतकी भिंत आहे, पायऱ्या काही उंच काही बुटक्या आहेत, आणि पावसात शेवाळ धरतं.

"मधी कुठं टेकता येतं?"

"टेकवायचा नसतो," हे म्हणाले. "एकदा उचलला की घरातच."

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि पट्टा गुंडाळायला लागल्या.

त्यांची खोली म्हणजे हॉस्पिटलातली सगळ्यात गोंगाटाची जागा. ट्रेडमिलवर चालणारा प्रत्येक माणूस बोलत असायचा, कारण गप्प चालायची परवानगीच नव्हती. "काका, बोला. काल रात्री जेवलात काय?" माणूस सांगायला लागे, भाकरी, वांग्याचं भरीत, मग ओघात पापडही येई आणि लोणचंही येई. पापड आला की सिस्टरांची एक भुवई वर जाई. मला आधी वाटलं, बाईंना गप्पांची हौस दिसते. बरेच दिवस मी त्यांना मनातल्या मनात भोचक म्हणत होते. मग एकदा माझ्या लक्षात आलं, त्या ऐकतात ते भरीत नव्हे, श्वास ऐकतात. चालता चालता ज्याला सलग बोलता येतं, त्याला तो वेग झेपतोय. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. मशीनवरच्या रेघा त्या बघतच होत्या, पण कान बोलण्याकडे असायचा. "रेघा इथं हायत," त्या मला म्हणाल्या, "घरी काय बघनार? घरी तुमाला कान हायत." आणि भोचकपणा म्हणाल तर तोही कामाचाच होता, कारण कोणाच्या घरात मीठ किती जातं ते त्यांना न विचारता कळत असे.

आमच्याच बॅचला साताऱ्याकडचे एक तात्या होते. वाशीच्या मार्केटात पोती वाहण्यात जन्म गेलेला, मान म्हणजे झाडाचं खोड. त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. ते ट्रेडमिलवर चढले की ओठ मिटून, डोळे समोर रोखून असे चालत, की मशीनच घाबरेल. सिस्टरांनी सांगून बघितलं, बोला. तात्या गप्प. सिस्टरांनी सरळ बटण दाबून पट्टा थांबवला.

"ओ, थांबवलं का?" तात्या भडकले. "दम न्हाई लागला मला!"

"लागंल कसा? धरून ठेवलाय तुमी. सोडतच नाय."

"वज्याखाली तोंड उघडलं की वजं जड हुतं, बाई. आमचं सगळं आयुष्य असंच गेलंय."

"आनि हार्टपन त्यातच गेलं," सिस्टर म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या त्यांच्या समोर स्टुलावर बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या, की श्वास कोंडून जोर लावला की प्रेशर एकदम वर जातं आणि धक्का छातीला बसतो. म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा. उठताना, बसताना, पोतं तर सोडाच, पण गादीची खोळ ओढतानाही. तात्या ऐकत होते, पण पटत नव्हतं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "गावच्या जत्रेत पालखी उचलता तवा गप उचलता?"

तात्या थांबले. "न्हाई. चांगभलं करतो की."

"मंग इथंपन करा."

तेव्हापासून त्या खोलीत व्यायामाचं वजन उचललं की चांगभलं व्हायचं. कँटीनचा माणूस एकदा घाबरून बघायला आला होता.

सिस्टर राहायच्या करावे गावात. जुनं आगरी घर, आजोबा-पणजोबा खाडीत मासे धरणारे. मी त्यांना आमच्या बिल्डिंगचा पत्ता सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्या आजीच्या खाचरात." सिडकोनं त्यांच्या भातशेतांवरच आमच्या बिल्डिंगी बांधल्या होत्या. मी ओशाळले, पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती खूण सांगितल्यासारखं होतं. त्या दिवशी ड्यूटी संपवून त्या आमच्या घरी आल्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, आणि हॉस्पिटलचं ते कामही नव्हतं. आमचं घर सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलात न्यायचं तर चौघं खुर्चीवरून ह्यांना खाली उतरवत. सिस्टरांनी ते ऐकलं होतं.

त्यांनी चहा घेतला नाही, आधी घर बघितलं. पलंग बघितला, स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघितली, मग बाथरूमच्या दाराशी थांबल्या. दाराच्या आतली कडी मी सुताराकडून काढून घेतली होती. हे आत पडले तर, म्हणून.

"कडी कुठं हाय?"

मी फडताळातून काढून दिली. सिस्टरांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला, पदर नसताना खोचल्यासारखा हात कमरेला लावला आणि स्वतः कडी बसवायला लागल्या. मी म्हटलं, अहो सिस्टर, काही झालं तर?

"काकू, मानूस आंघोळीला गेला की कडी लावतो. ती काढलीत तर तो मानूस ऱ्हात नाय, पेशंट ऱ्हातो." स्क्रू घट्ट करून त्या ह्यांच्याकडे वळल्या. "काका, आत मोठ्यानं गायचं. काकू बाहेर भाजी चिरतील. गानं थांबलं की त्या दार वाजवतील. दोगांनापन टेन्शन नाय."

हे आयुष्यात गायले नव्हते. दुसऱ्या दिवशी आतून गणपतीची आरती सुरू झाली, बेसूर आणि रडवेली. मी बाहेर भेंडी चिरत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रोज आरती ऐकून ऐकून मला ह्यांचा आवाज असा पाठ झाला, की कुठल्या ओळीला ह्यांना दम लागतो, कुठं ते वाकून बादलीतला तांब्या उचलतात, सगळं दाराबाहेरून कळू लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं कधी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सिस्टरांनी ह्यांना जिन्यावरून स्वतःच्या पायांनी चालवलं. उतरताना त्या ह्यांच्या पुढं, तोंड वर करून, उलट्या. चढतानाही तशाच पुढं, तोंड खाली करून, उलट्याच. हे म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पडाल."

"मी पडले तर तुमी हायत की धरायला," त्या म्हणाल्या. ज्या माणसाला चौघं उचलून आणत होते, त्याला हे वाक्य ऐकून काय वाटलं असेल! हे ताठ झाले. मला ते दिसलं. त्या दिवसापासून खुर्ची गच्चीच्या जिन्याखाली गेली ती गेलीच.

इतकं कशाला करता, असं मी त्यांना एकदा विचारलं. मी पोस्टातली नोकरी केलेली बाई, कामाचे तास संपले की खिडकी बंद, हेच मला ठाऊक. त्या होल्डिंग पाँडच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवायला खाडीला लागून केलेल्या तळ्याच्या कडेनं आमच्या बॅचला फिरवत होत्या. खाडीत रोहित पक्षी उतरले होते आणि सगळे तिकडे बघत होते, सिस्टर सोडून, कारण त्यांचं तोंड माणसांकडे. म्हणाल्या, "आमच्या बाबांना अॅटॅक आला. बरे झाले. मंग आमी सगल्यांनी त्यांना खाटेवर ठेवला. पानी हातात, जेवन हातात. होडीला हात लावून दिला नाय. डॉक्टर नंतर म्हनाले, हार्ट चांगलं होतं." थोडं अंतर तसंच मागं मागं चालून त्या म्हणाल्या, "खाटेनं गेले, काकू." आणि लगेच मागं रेंगाळलेल्या तात्यांना ओरडल्या, बोलत राहा म्हणून.

पावसाळा लागला आणि डॉक्टरांनी ह्यांना तपासून सांगितलं, हाड पक्कं जुळलंय, वजन उचलायला हरकत नाही, हळूहळू वाढवा. दुसऱ्या दिवशी सिस्टर करावेहून घरचा पाट घेऊन आल्या. त्यावर आधी नुसता दुमडलेला टॉवेल, मग तांदळाची लहान पिशवी, मग मोठी. पाट डोक्यावर घेऊन हे पॅसेजमधून चालायचे आणि समोर सिस्टर उलट्या. हॉस्पिटलात आलेले लोक थांबून बघत. ह्यांना आधी लाज वाटली, पण सिस्टरांना लाज माहीत नव्हती. "आमची आजी म्हावऱ्याची टोपली घेऊन बेलापूरला जायची. मान ताठ, बोलनं चालू. गिऱ्हाईक हाक मारील त्याला चालता चालता भाव सांगायची. श्वास धरून टोपली न्हेनारी बाई मी बघितली नाय." मूर्ती यंदा लहान घ्यायची, हेही त्यांनी ठरवून टाकलं. ह्यांनी कुरकुर केली, की वडिलांपासून तेवढीच आहे. "लहान असतो म्हनून काय कमी असतो का तो?" एवढ्यावर ह्यांना गप्प बसावं लागलं.

गावी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो. हे तात्यांशी बोलत होते तेव्हा सिस्टरांनी मला बाजूला घेतलं.

"पाखाडीला मधी काय हाय? खरं सांगा."

मध्यावर गडग्याला लागून जांभ्या दगडाचा एक मोठा चौकोनी चिरा होता. पूर्वी बायका लाकडाची मोळी त्यावर उतरवून दम खायच्या. मी तसं सांगितलं.

"काका टेकवनार नायत," त्या म्हणाल्या. "त्यांना जमंलपन कदाचित सलग. पन नाय जमलं तर ते सांगनार नायत, श्वास धरतील. बाप्ये असंच करतात. तुमी म्होरं ऱ्हा. बघू नका नुसतं, ऐका. आवाज गेला की टेकवायला लावा. कोन काय बोलंल ते बोलू दे. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. द्यायला काय जातं, असं तेव्हा वाटलं.

गणपतीच्या सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. एरवी मी दारात पाणी आणि ओवाळणीचं ताट घेऊन उभी असते. त्या वर्षी ताट जावेच्या हातात दिलं आणि खाली गेले. शाळेत मूर्तीच्या तोंडावर रुमाल घातला, ह्यांनी पाट डोक्यावर घेतला, ढोल वाजायला लागला. सगळी वाडी गोळा झाली होती. ह्यांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळे भाऊदादा म्हणतात, ते काठी टेकत पुढं होते, कारण रीत सांभाळायची ती त्यांनी. आणि मी काय केलं, तर ह्यांच्या पुढं जाऊन उलटी वळले. एक हात गडग्याला, तोंड ह्यांच्याकडे, आणि पायानं मागची पायरी चाचपत चढायला लागले. बायका हसल्या. हसू देत म्हटलं.

सुरुवातीला सगळं छान होतं. कोणी "गणपती बाप्पा" म्हणालं की "मोरया"मध्ये ह्यांचा आवाज खणखणीत येई. ढोलाच्या कल्लोळातही मला तो वेगळा ऐकू यायचा, बाथरूमच्या दारातून यायचा तसा. मग पायऱ्या उंच व्हायला लागल्या. एका मोरयात ह्यांचा आवाज अर्धा आला. पुढच्यात आलाच नाही. ओठ हलत होते, चेहऱ्यावर हसूही होतं, बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण आवाज गेला होता. मानेची शीर फुगली होती आणि ह्यांनी श्वास धरला होता.

चिरा दोन पायऱ्यांवर होता. मी म्हटलं, "बोला." ह्यांनी मान हलवली, नाही. "बोला!" मी ओरडले. "मो—" एवढंच आलं.

"टेकवा," मी म्हटलं. "इथं टेकवा."

ढोल थांबला. भाऊदादा मागं वळले. "गो, देव वाटेत ठेवूचो नसता!"

मी त्या घरातली सून. भाऊदादांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पण मला तेव्हा भाऊदादा दिसतच नव्हते, दिसत होते ते निळे बूट, जिन्यावरून मागं मागं चढणारे. मी म्हटलं, "दादा, देवाला दम लागत नाही. ह्यांना लागतो. तो थांबेल."

ह्यांच्या डोळ्यांत राग होता, लाज होती, आणि मग मला कधी विसरता येणार नाही अशी सुटका होती. दोघांनी पुढं होऊन पाटाला हात लावला आणि मूर्ती चिऱ्यावर टेकवली. हे गडग्याला टेकून बसले. श्वास सोडला, घेतला, सोडला. मी ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनीच बसल्या जागी आरती सुरू केली, तीच बाथरूममधली, बेसूर, पण सलग. एकही शब्द तुटला नाही. वाडीनं टाळ्या धरल्या. गणपती वाटेत बसला होता आणि सगळे पायऱ्यांवर उभं राहून आरती म्हणत होते. मी गडगा धरून रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

आरती झाली तशी भाऊदादा काठी बाजूला ठेवून ह्यांच्या शेजारी टेकले. हळूच म्हणाले, "माका पण केवापासून दम लागलेलो. सांगू कोणाक?"

मग ह्यांनी उठून पाट पुन्हा डोक्यावर घेतला आणि मोरया म्हणत घरापर्यंत नेला. आता दर वर्षी गणपती त्या चिऱ्यावर टेकतो, आरती होते आणि मग वर जातो. वाडीतल्या नव्या पोरांना वाटतं ही जुनीच रीत आहे. भाऊदादा तसंच सांगतात.

गावाहून आलो तशी मी गुळातल्या शेवेच्या कडक खटखट्या लाडवांचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. सगळी हकीकत सांगायची म्हणून मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. भाऊदादा कसे वळले, मी काय म्हटलं, हे कसे गायले. पुढच्याच महिन्यात सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे उरणजवळ द्रोणागिरीला राहायला गेल्या, म्हणून मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

पॅसेजच्या तोंडाशी त्या दिसल्या. पाठ माझ्याकडे, तेच निळे बूट, मागं मागं येत होत्या. समोर एक नवीन गृहस्थ होते, उंच, चांगल्या कपड्यांतले, खोकल्याच्या भीतीनं छातीशी उशी धरलेले, आणि एक शब्द न बोलता जमिनीकडे बघत चालणारे. त्यांची बायको भिंतीकडेच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. सिस्टर माझ्या शेजारी आल्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून मी त्यांना दिसले असेन, पण थांबल्या नाहीत आणि वळल्याही नाहीत. वळल्या असत्या तर त्या माणसावरची नजर हलली असती.

"टेकवला?" त्यांनी विचारलं.

"टेकवला," मी म्हटलं.

"मंग झालं."

डबा माझ्या हातातच राहिला. त्या माझ्या शेजारून मागं मागं तशाच पुढं गेल्या आणि पॅसेजच्या वळणावर आधी त्यांची पाठ दिसेनाशी झाली, मग बूट, मग तो घाबरलेला माणूस. मी जाऊन त्या बाकावरच्या बाईशेजारी बसले. वळणापलीकडून सिस्टरांचा आवाज येत होता, खाडीपलीकडच्या होडीला हाक मारावी तसा.

"काका, बोला. बरं होऊन करायचं काय?"

मग त्या माणसाचा आवाज आला, बारीक, पण आला. माझ्याशेजारची बाई एकदम ताठ बसली. मी तिला म्हटलं, "ऐका."